काटा आधी, एआय नंतर: सोसायटीच्या कचरा-पाण्याचा हिशेब

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एका रविवारच्या मीटिंगला बी विंगमधला एक कॉलेजचा मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "काकू, एआयला विचारा ना, आपली सोसायटी पर्यावरणपूरक कशी करायची." मी खजिनदार, त्यामुळे असली कामं माझ्याच गळ्यात पडतात. तिथल्या तिथे विचारलं. उत्तर ऐटबाज आलं: सौर पॅनेल, पावसाच्या पाण्याची साठवण, कंपोस्ट, जनजागृती, वीसेक मुद्दे. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा झाला आणि सोमवारी सकाळी सुक्या कचऱ्याच्या डब्यात कालच्या पार्टीची बिर्याणी तशीच पडलेली होती.

त्यानंतर बऱ्याच धडपडीतून एवढं कळलं की एआयला आपल्या इमारतीबद्दल काहीच ठाऊक नसतं. आपण मोजून, लिहून, त्याच्यासमोर ठेवलं तर ते चांगला कारकून होतं. नाहीतर ते आपल्याला निबंध लिहून देतं. पुढच्या पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकले त्या क्रमाने नाहीत. ज्या क्रमाने शिकायला हव्या होत्या, त्या क्रमाने आहेत. चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, जे हाताशी असेल ते चालेल. फुकटातलं पुरतं.

पायरी १: प्रश्न लहान करा

"पर्यावरण" हा प्रश्न नाही. "आपल्या ओल्या कचऱ्यात रोज किती किलो प्लॅस्टिक मिसळलेलं येतं?" हा प्रश्न आहे. "रात्री कोणी पाणी वापरत नसताना गच्चीवरच्या टाकीची पातळी का उतरते?" हाही प्रश्न आहे. पहिल्या तीन महिन्यांसाठी एकच निवडा. आम्ही कचरा, पाणी आणि वीज एकदम घेतलं आणि तिन्ही अर्धवट राहिली. मग पाणी आणि वीज बाजूला ठेवून कचऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली.

कचरा निवडण्याचं कारण मुलुंडकराला वेगळं सांगावं लागत नाही. इथलं डंपिंग ग्राउंड २०१८ साली बंद झालं, त्याआधी कित्येक वर्षं वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. देवनारचं डंपिंग १९२७ पासून चालत आलंय, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हाचा धूर पूर्व उपनगरातल्या माणसांना आठवत असेल. आपल्या डब्यातलं जे तिकडे जाणार नाही, तेवढीच आपली कमाई.

नियमांचंही बघून ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे दिवसाला सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणारे मोठे उत्पादक धरले गेले, आणि मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये अशा सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. नियमांत बदल होत असतात, म्हणून ताजं परिपत्रक वॉर्ड ऑफिसातून आणा. एआयला विचारून ते मिळत नाही. का, ते पुढे येईलच.

पायरी २: दोन आठवडे फक्त वजन करा

हुकाचा डिजिटल काटा घ्या, भाजीवाले गोणी टांगून वापरतात तसला. महाग नसतो. एक वही, एक पेन, आणि सकाळी कचरा गोळा करणाऱ्या माणसाशी आधी नीट बोलणं. त्याचं काम पंधरा मिनिटांनी वाढणार असेल तर त्याचे पैसे वाढवा. हे न करता जी सोसायटी "डेटा" गोळा करायला निघते, तिच्या वहीत तिसऱ्या दिवसापासून सारखेच आकडे दिसू लागतात.

वहीत रोज प्रत्येक विंगची तीन वजनं हवीत: ओला, सुका, आणि मिसळलेला. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमची प्रगती तोच सांगतो. घरनिहाय वजन करायचा मोह टाळा. ते करायला गेलो तेव्हा दोन शेजारणींमध्ये जे वाजलं, ते मिटवायला गणपतीपर्यंत थांबावं लागलं. विंग पुरे.

ओल्या कचऱ्याचं वजन फसवं असतं. मे महिन्यात आंब्याच्या कोयी आणि कलिंगडाची सालं, गणपतीत निर्माल्य, पावसाळ्यात तर डब्यातलं पाणीच. म्हणून शेजारी एक "शेरा" रकाना ठेवा: पाऊस, सण, कोणाकडे लग्न. पुढे एआयला कारणं शोधायला लावाल तेव्हा हाच रकाना कामी येतो. शहाळी वेगळी मोजा, ती साध्या कंपोस्टच्या टाकीत महिनोन्महिने तशीच राहतात.

पायरी ३: वहीतून तक्त्यात

इथे एआयचा खरा उपयोग सुरू होतो. वहीच्या पानाचा वरून, सरळ, उजेडात फोटो काढा आणि असं काहीतरी लिहा:

"या पानावर एका सोसायटीच्या कचऱ्याची रोजची वजनं किलोमध्ये आहेत. रकाने: तारीख, विंग, ओला, सुका, मिसळलेला, शेरा. आकडे मराठी आहेत. जसंच्या तसं तक्त्यात उतरव. जो आकडा स्पष्ट दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नकोस. बेरीज करू नकोस."

"आकडे मराठी आहेत" हे वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं. आमचे वॉचमनकाका देवनागरीत लिहितात, आणि मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. ए विंगचा सुका कचरा ११ किलोचा ९९ झाला. सेक्रेटरींनी तो ग्रुपवर टाकला आणि ए विंगवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून दर पानातले पाच आकडे मी स्वतः वहीशी ताडून बघते. त्यातला एक जरी चुकला असला तरी अख्खं पान पुन्हा.

फोटो देण्याआधी नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर झाका. कागदाची एक पट्टी ठेवली तरी भागतं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याचा नंबर परक्या कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणं बरं नव्हेच.

बेरजा, सरासऱ्या एआयकडून करून घेऊ नका. त्याच्याकडून सूत्र मागा: "गूगल शीट्समध्ये विंगनिहाय आठवड्याची सरासरी काढायचं सूत्र दे आणि ते कुठल्या चौकटीत टाकायचं ते सांग." हिशेब शीट करते आणि ती चुकत नाही. एआय मात्र लांबलचक बेरजेत मधेच एखादा आकडा गाळतं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला हे सहन होत नाही.

पायरी ४: तक्त्याला प्रश्न विचारणं

दोन आठवड्यांचा तक्ता झाला की तो देऊन विचारा: "यातल्या कुठल्या तीन दिवशी मिसळलेला कचरा सर्वांत जास्त आहे? शेरा रकान्यात त्याचं कारण दिसतं का? दिसत नसेल तर 'दिसत नाही' असं सांग." ते शेवटचं वाक्य टाकाच. नाहीतर कारण नसलं तरी एखादं छानसं कारण तयार होतं.

आमच्याकडे सोमवार वर आला. कारण तक्त्यात नव्हतं, ते कामवाल्या सुमनताईंनी सांगितलं: रविवारी त्यांची सुट्टी, घरची माणसं स्वतः कचरा बाहेर ठेवतात, आणि कुठला डबा कुठला हे साहेबांना माहीतच नसतं. म्हणजे कचरा वेगळा करायचं शिक्षण ज्यांना द्यावं असं आम्ही ठरवलं होतं, ते आधीच शिकलेले होते.

खत बिघडलं की

कंपोस्टच्या टाकीचा फोटो टाकून "काय झालंय?" विचारू नका. फोटोला वास येत नाही. हे सगळं लिहा: वास कसला, मुठीत दाबल्यावर पाणी किती, शेवटचं कधी हलवलं, सुकं काय आणि किती घालता, टाकी उघड्यावर की शेडखाली, आणि मुंबईत सध्या पाऊस आहे की नाही.

उत्तर पडताळायला थोडं आपल्याला माहीत असावं लागतं. खताला कर्ब (कार्बन, सुक्या पाल्यात जास्त) आणि नत्र (नायट्रोजन, ओल्या कचऱ्यात जास्त) यांचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असं लागतं, ओलावा ५० ते ६० टक्के. मूठ घट्ट दाबली की बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, सुका पाला घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही, उलथापालथ करा. अळ्या दिसल्या म्हणून मला एकदा औषध फवारायचा सल्ला मिळाला होता. ऐकू नका. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि माणसाला काही करत नाहीत. वरून कोकोपीटचा जाड थर दिला की दिसेनाशा होतात. तक्रार मुळात दिसण्याचीच असते.

सुका पाला जुलैमध्ये मागायला जाल तर भिजलेला चिखल मिळेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यावरचे देशी बदाम आणि पिंपळ गळतात, तेव्हाच पोती भरून जिन्याखाली ठेवा. हे मला एआयने सांगितलं नाही, माळीदादांनी सांगितलं. एआयच्या डोक्यातली पानगळ ऑक्टोबरची होती.

पायरी ५: पाणी, आणि मुंबईची गोष्ट सांगून ठेवणं

शहराला मोडकसागर, तानसा, विहार, तुळशी, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा अशा सात तलावांचं पाणी येतं. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे मुंबईच्या हद्दीत, बाकीचं पाणी ठाणे-नाशिकच्या बाजूने लांबून आणलेलं. असं पाणी आपल्या इमारतीत पोचून टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट खराब असल्यामुळे गटारात जातं, याची मला फार चीड येते.

गळती कशी शोधायची हे विचारल्यावर उत्तर आलं: रात्री सगळे नळ बंद करा आणि मुख्य मीटर फिरतो का बघा. चोवीस तास पाणी असणाऱ्या गावात हे बरोबर. आपल्याकडे पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी काही तास येतं, जमिनीखालच्या टाकीत भरतं, पंपाने वर चढतं. रात्री मीटर फिरणारच नाही, गळती कितीही असो. म्हणून पाण्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला मी आता एक परिच्छेद चिकटवते: "इमारत मुंबईत आहे. पालिकेचं पाणी पहाटे अमुक ते अमुक वेळेत येतं. जमिनीखाली एक टाकी, गच्चीवर दोन. पंप दिवसातून दोनदा चालतो. घरोघरी मीटर नाहीत." हा परिच्छेद दिला की उत्तरांचा नूरच बदलतो.

मग जी पद्धत निघाली ती अशी. गच्चीवरच्या टाकीची आतली लांबी-रुंदी मोजा. समजा ४ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर. एक सेंटिमीटर पातळी उतरली की १२० लिटर गेले. पंप बंद ठेवून रात्री १ वाजता पट्टी बुडवून पातळी घ्या, पहाटे ४ वाजता पुन्हा. ५ सेंटिमीटर उतरली तर ६०० लिटर, तासाला २००, दिवसाला ४,८००. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा नेहमीचा हिशेब धरला तर पस्तीस माणसांचं पाणी. रात्री कोणी ना कोणी संडासला उठतंच, म्हणून तीन रात्री घ्या आणि सर्वांत कमी आकडा धरा. वॉचमनला जागं राहायचे जादा पैसे द्या. गच्चीच्या अंधारात एकट्याने टाकीवर चढू नका, दोघं असा.

खालच्या टाकीची तपासणी वेगळी: पाणी बंद झाल्यावर, पंप न लावता दोन तास. पातळी उतरली तर बहुधा भिंतीला चीर आहे. हे निव्वळ नुकसान नाही, धोकाही आहे. ज्या चिरेतून पाणी बाहेर जातं तिच्यातूनच पावसाळ्यात बाहेरची घाण आत येते. लगेच टाकी साफ करून दुरुस्त करा. एआयशी गप्पा मारायची ही वेळ नव्हे.

तीन रात्रींचे आकडे तक्त्यात घालून एआयकडून एवढंच करून घ्या: शक्य कारणांची यादी, स्वस्तात तपासता येईल ते आधी. आमच्या यादीत फ्लशच्या टाक्या पहिल्या होत्या. टाकीत हळदीचं पाणी घालायचं आणि पंधरा मिनिटं फ्लश न करता भांड्यात पिवळं उतरतं का बघायचं. घराघरांत हा खेळ मुलांनी केला, आणि त्यांना दार सगळे उघडतात.

वीज, थोडक्यात

सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं, ग्राहक क्रमांक झाकून, तक्त्यात घ्या. या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी. जिन्यातल्या ४५ वॅटच्या जुन्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या, ४० दिवे, १२ तास, तर दिवसाला १२ युनिट आणि वर्षाला ४,३८० युनिट वाचतात. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे वर्षाचे तीन टन. यासाठी एआय लागतही नाही. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, तक्ता दाखवायचा असेल तर तेवढा काढून घ्या.

पायरी ६: लोकांशी बोलणं

सूचना लिहून मागितली की "कृपया आपण कचऱ्याचे विलगीकरण करत असल्याची खात्री करा" असलं काहीतरी येतं. हे मराठी कोणी बोलत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. एआयला आपला नमुना द्या: "ताई-दादांनो, सोमवारी ओल्या डब्यात सात किलो प्लॅस्टिक निघालं. आपली रेखा ते हाताने वेगळं करते. या रविवारी दूध-पिशवी धुऊन सुक्यात टाका." आणि मग सांगा, याच सुरात, चाळीस शब्दांत, उपदेश न करता. तिच्या नावाने लिहायला रेखाला आधी विचारलं होतं. ती म्हणाली, घाला, पण फोटो नको.

मुलुंडमध्ये गुजराती आणि तमिळ घरं बरीच. भाषांतर एआय करतं, केंद्र सरकारची भाषांतराची सोय, भाषिणी, आहेच. पण लावण्याआधी त्या भाषेच्या एका माणसाला दाखवा. आमच्या गुजराती सूचनेत काय विनोद झाला होता ते पटेलकाकी आजही सांगून हसतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लिखाण उपयोगाचं नाही, आवाजातला संदेश पाठवा, तोही एआयच्या आवाजात नको, ओळखीच्या माणसाच्या.

कचरावेचक बायकांचा हिशेब

सुका कचरा नेणाऱ्या बायकांना या सगळ्यातून काय मिळतं, हा प्रश्न मीटिंगमध्ये शेवटी येतो किंवा येतच नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमातून कचरावेचक बायकांना संघटित केलं, खत करायचं शिक्षण दिलं. असं काम करणाऱ्या गटाशी जोडून घेता आलं तर उत्तम.

आम्ही छोटी गोष्ट केली. सुका माल विकताना ताई मोबाइलमध्ये बोलते: "पुठ्ठा अकरा, बाटल्या चार, लोखंड दोन." बोलण्याचं लिखाण करणारी सोय ते टिपून घेते, एआय त्याचा तक्ता करतं, आणि महिनाअखेर तो तक्ता तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती "हो" म्हणेपर्यंत तो पक्का नाही. दोनदा भंगारवाल्याचा हिशेब आणि तिचा हिशेब जुळला नाही, आणि दोन्ही वेळा बरोबर ती होती. तक्त्याची मालकी तिची, एक प्रत तिच्याकडे.

कॅमेऱ्याची गोष्ट मात्र नको. "सीसीटीव्हीवर एआय बसवू, कोण कुठे कचरा टाकतो ते चेहऱ्यावरून कळेल," असं कोणीतरी म्हणतंच. त्यात आधी सापडतात ते वॉचमन, कामवाल्या आणि डिलिव्हरीची मुलं, कारण जिन्यात तेच दिवसभर असतात. मी ठरावाच्या विरोधात हात वर केला होता, पुन्हा करेन.

पायरी ७: तक्रार आणि माहितीचा अर्ज

पालिकेकडे तक्रार १९१६ वर करा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. महिन्याभरात काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. एआय इथे तीन पानी, कलमांनी खच्चून भरलेला अर्ज देतं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा नियम आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून असं सांगा: "२००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली, जनमाहिती अधिकाऱ्याला, एकाच विषयावर, १२० शब्दांत अर्ज लिही. 'का' विचारू नकोस, कागदपत्रांच्या प्रती माग."

परिपत्रक क्रमांक, तारखा, निकाल यातलं काहीही एआयने स्वतःहून घातलं तर खोडा. माझ्या एका पत्रात एक परिपत्रक इतकं खरं वाटलं की मी ते घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी फाइल उघडून शांतपणे सांगितलं की असं काही निघालेलंच नाही. परतीच्या रिक्षात मला माझीच लाज वाटली.

एआयची स्वतःची वीज

हे विचारणारा एकजण प्रत्येक मीटिंगमध्ये असतो, आणि तो बरोबर असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज खाल्ली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. त्यातली काही सेंटरं ऐरोली-महापेला, खाडीपलीकडेच आहेत. आठवड्यातून एकदा एक तक्ता करून घेणं वेगळं आणि "सुप्रभात"चे फुलांचे फोटो रोज बनवून ग्रुपवर टाकणं वेगळं. दुसरं आम्ही बंद करायला सांगितलं. पूर्ण बंद झालं नाही.

शेवटी वही

कमिटी बदलली की मोबाइलमधलं सगळं जुन्या सेक्रेटरीबरोबर जातं. म्हणून चांगली चाललेली प्रश्नांची वाक्यं, पाण्याचा तो परिच्छेद, टाक्यांची मापं आणि शीटची लिंक वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहा. शीट सोसायटीच्या ईमेलवर ठेवा, कोणा एकाच्या नाही. वहीची एक झेरॉक्स पंपरूमच्या दाराला आतून चिकटवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण तिथे पावसाळ्यात वरून गळतं. ते गळणंही वहीत लिहून ठेवलंय, ठेकेदार मेमध्ये येतो म्हणालाय.